पिरॅमिड आणि वेस : स्मारकांच्या तुलनेविषयी

प्राचीन स्मारकांची चर्चा निघाली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : इजिप्तच्या पिरॅमिडांच्या तोडीचे आपल्याजवळ काय आहे? उत्तरादाखल वेरूळचे कैलास लेणे, तंजावरचे बृहदीश्वर मंदिर किंवा ताजमहाल यांची नावे पुढे केली जातात आणि उंची, वजन व वय यांचा हिशेब सुरू होतो. वास्तविक प्रश्नाची मांडणीच सदोष असल्यामुळे उत्तर कोणतेही दिले तरी त्याने ज्ञानात भर पडत नाही. आपला कालिदास थोर की त्यांचा शेक्सपिअर, या वादात साहित्याच्या अभ्यासकांनीही एके काळी अशीच शक्ती वेचली. दोन वस्तूंना एकच प्रश्न विचारावा आणि त्यांची भिन्न उत्तरे लक्षपूर्वक ऐकावीत, हे तुलनेचे खरे कार्य आहे. या दृष्टीने पिरॅमिडाशेजारी एक अगदी साधी वास्तू ठेवून पाहावी असे मला वाटते. ती म्हणजे झाशीच्या तटाचा दतिया दरवाजा, ज्याला तेथील लोक दतिया गेट म्हणतात.

पहिला प्रश्न असा की, ही वास्तू कशासाठी उभी राहिली? गिझा येथील खूफूचा पिरॅमिड इ. स. पूर्व सव्विसाव्या शतकातला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. एका राजाचा देह आत ठेवावा आणि वाट कायमची बंद करावी, हा त्याचा हेतू. दरवाजाचा हेतू याच्या नेमका उलट. झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला आणि अठराव्या शतकात नारोशंकराच्या अमदानीत किल्ल्याखालची वस्ती वाढून तिला शहराचे रूप आले. त्या शहराच्या तटाला दहा दरवाजे. त्यांपैकी दतिया, ओरछा, भांडेर, सागर, बडागाव ही नावे पाहावीत. दरवाजा ज्या शहरात उभा आहे त्याचे नाव तो सांगत नाही. वाट जिकडे जाते तिकडचे सांगतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे किंवा औरंगाबादच्या पैठण गेटचे असेच आहे. आज झाशी उत्तर प्रदेशात आणि दतिया मध्य प्रदेशात असली, तरी या नावात ती दोन्ही गावे अजून एका वाटेवर आहेत. तटाचे लष्करी प्रयोजन कधीच संपले. पण पत्ता सांगताना 'दतिया गेट अंदर' आणि 'दतिया गेट बाहर' हा भेद झाशीकर आजही करतो. मराठीत आपण यालाच वेस म्हणतो. आणि एखादी गोष्ट वेशीवर टांगली की ती सर्वांची होते, हेही आपल्या भाषेला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : या दगडांची साक्ष कोणी दिली? पिरॅमिडाविषयी शतकानुशतके राजाचेच नाव घेतले गेले. त्याचे गुळगुळीत बाह्य आवरण मध्ययुगात काढले गेले आणि ते दगड कैरोतील इमारतींना लागले, तरी राजाचे नाव टिकले. परंतु २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे पपायरसाचे जे तुकडे सापडले, त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी निघाली. सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन तुरा येथील खाणीतून चुनखडीचे चिरे नावेने गिझाला पोचवावेत, दर दहा दिवसांत दोन-तीन खेपा कराव्यात, असा तिचा मजकूर आहे. त्यात अलंकार नाही, राजस्तुती नाही. तथापि या नोंदींमुळे पिरॅमिड प्रथमच माणसांच्या मापाचा झाला. आजवर सापडलेल्या लिखित पपायरसांत हे सर्वांत जुने मानले जातात.

झाशीलाही असा एक साक्षीदार लाभला, आणि तो मराठी होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेला बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये घरातून निघाले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या वेढ्यात झाशीत सापडले. शहर पडल्यानंतरची कत्तल, लूट, ग्रंथसंग्रहाची नासधूस हे सारे त्यांनी आतून पाहिले. 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये संस्कारित रूपात प्रसिद्ध केले. मूळ संहितेसाठी वाचकाला दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेले. वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी १९४६ ची आणि महाश्वेतादेवींचा बंगाली चरित्रग्रंथ १९५६ चा. एकाच तटाभोवती तीन भाषा उभ्या राहिल्या. एवढी साक्ष ज्या तटाला लाभली, त्याचे दरवाजे लहान कसे म्हणावेत?

यावर असा आक्षेप येईल की, ही थोरवी राणी लक्ष्मीबाईंची आहे, दरवाजाची नव्हे. आक्षेप अर्धाच खरा आहे. राणीचे स्मरण किल्ल्याने व पुतळ्यांनी केले आहे. गोडसे भटजींसारखे भिक्षुक, वाणी, विणकर, पाणी भरणारे, ज्यांना वेढ्याच्या दिवसांत दरवाजा बंद म्हणजे काय ते कळले, त्यांचे स्मारक मात्र ही वेसच आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. ही समाधानाचीच बाब होय. परंतु नर्मदेच्या उत्तरेचे एकही स्थळ त्यात नाही, आणि झाशी, सागर, ग्वाल्हेर येथील मराठी जीवनाचे अवशेष आपल्या नजरेच्या कडेलाच राहतात. यादीत नाव यावे यासाठी मी हे लिहीत नाही. दतिया गेट जगातले आश्चर्य ठरणार नाही आणि ठरायची गरजही नाही. गरज आहे ती वाचकांची. उत्तरेतील मराठी घराण्यांत जे काही मोडी कागद उरले असतील ते वाचावेत. घरात मराठी आणि बाजारात बुंदेली बोलणाऱ्या कुटुंबांची बोली नोंदवावी. वेशींच्या नावांमागच्या आठवणी जाणत्यांच्या तोंडून उतरवून घ्याव्यात. हे काम पुरातत्त्व खात्याचे नव्हे, भारतीय भाषांच्या विभागांचे आहे. कारण त्यासाठी मराठी, हिंदी व बुंदेली या तिन्ही येणारा माणूस लागतो, आणि असा माणूस घडविणे हेच आपल्या विद्याशाखेचे प्रयोजन आहे.

मेरेरची रोजनिशी कोरड्या वाळूत साडेचार हजार वर्षे टिकली. बुंदेलखंडातल्या चार पावसाळ्यांत कागदाला वाळवी लागते. वाट पाहण्याइतका अवधी आपल्यापाशी नाही.