‘त्याला काय कळतंय?’

या पानावर एरवी आपण बोंडअळी, तुरीवरची मर आणि मोसंबीची फळगळ यावर बोलतो. आजचा विषय घरातला आहे, पण तो पार सातबाऱ्यापर्यंत जाऊन पोचतो.

विषय ऑटिझमचा. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मी स्वतः स्वमग्न आहे. निदान तिशी ओलांडल्यावर झालं. तोवर कृषी पदविका झाली होती, नोकरी लागली होती आणि ‘साहेब कामाचे हायेत, पण जरा तिरसट’ अशी ख्यातीही चार गावांत पसरली होती. तेव्हा हे पुस्तकातलं कमी आणि आतलं जास्त सांगतोय.

‘स्वमग्न’ हा शब्दच मला पुरता पटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हा गडी आपल्यातच गुंग, याला जगाचं काही पडलेलं नाही. माझ्यापुरतं सांगतो, जग माझ्यात जरा जास्तच शिरतं. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात उभा राहिलो की भोंगा, मोटारसायकली, भाव ओरडणारे, भज्यांचा वास, सगळं एकदमच अंगावर येतं. तुमचा मेंदू त्यातलं नको ते चाळून टाकतो, माझ्या चाळणीची भोकं मोठी आहेत एवढंच. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं की तोंडातले शब्द निसटतात, म्हणून मी खाली मातीकडे बघून बोलतो. लोक समजतात, हा काहीतरी लपवतोय. उत्तर जुळवायला मला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा दुसरा प्रश्न टाकतो, मग पहिल्याचंही उत्तर जातं. ‘बघू उद्या’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असतो, हे मला नियमासारखं पाठ करावं लागलं. कामगंध सापळ्याचं बरं असतं. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले की उपाय करायचा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. माणसांचे नियम कुणी असे लिहून देत नाही.

पण माझ्यावरून सगळ्यांना मोजू नका. मी बोलतो, लिहितो, पगार घेतो. कित्येक स्वमग्न माणसं जन्मभर बोलत नाहीत, काहींना अंघोळीपासून जेवणापर्यंत आधार लागतो. त्यांच्याबद्दल, आणि तेही त्यांच्यासमोरच, घरचे-दारचे म्हणतात, ‘त्याला काय कळतंय?’ या वाक्याचा मला राग आहे. बोलणं आणि कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. जीभ चालत नाही म्हणून कान बंद असतात असं नाही. काहींची समज खरोखर कमी असते, हेही खरं. पण ते तपासल्यावर कळतं, गप्प बसण्यावरून नाही.

आणि हे वाक्य घरातच थांबत नाही. बाप वारला की वारसनोंदीच्या वेळी तेच पुढे येतं. ‘त्याला काय कळतंय, घ्या अंगठा.’ दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. स्थावर-जंगम मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि आपला पैशाचा व्यवहार पाहण्याचा हक्क दिव्यांगाला इतरांइतकाच आहे, असं त्याच्या १३ व्या कलमात आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. नव्या कायद्यात २१ आहेत आणि त्यांत ती आहे. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनी (पदांची नावं बदलली, कामं तीच आहेत) एवढं ध्यानात ठेवावं. चारचौघांत दिव्यांगाचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही जाता जाता सांगतो. पारावर बसून ‘येडं’ म्हणणाऱ्यांना ठाऊक नसावं.

आता कारणांकडे वळू. स्वमग्नता जन्मापासूनची असते आणि तिच्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून ती होत नाही. साहेबलोकही यात मागे नव्हते बरं का. आईची माया आटली म्हणून मूल असं होतं, असं अमेरिकेतले नामांकित तज्ज्ञ एके काळी सांगत होते. पुढे ते टाकून द्यावं लागलं. लसीचंही तसंच. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेतला. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं नाव नोंदवहीतून गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, त्याचा निकाल २०१९ साली आला. लसीचा संबंध आढळला नाही. लेकराची लस चुकवू नका.

बाधा, करणी समजून लेकराला मारझोड करणारा भगत महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सापडतो. अशा माणसात दैवी शक्ती आहे असं भासवून त्याच्यावर धंदा करणाराही सापडतो. शहरातले भगत मात्र कोट घालतात. मूळपेशींचं इंजेक्शन देऊन लेकरू बरं करतो म्हणून लाखांनी पैसे मागतात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने या उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. त्यासाठी वावर विकू नका. ‘लगीन लावून द्या, सुधरंल’ हा तिसरा उपाय. त्यात परक्याच्या लेकीचंही वाटोळं होतं.

सिनेमामुळेही घोळ झाला आहे. ‘तारे जमीन पर’मधल्या पोराला वाचनाची अडचण होती, ती वेगळी. जिया राय ही मुंबईची स्वमग्न मुलगी. २०२१ साली वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली. कौतुक आहेच. पण अशा बातम्या वाचून लोक विचारतात, ‘तुमच्यात काय खास हाय?’ बाबांनो, सगळे डोळस लोक चित्रकार असतात का?

आपल्या कामाचं उदाहरण टेंपल ग्रँडिन या बाईंचं. १९४७ चा जन्म, साडेतीन-चार वर्षांपर्यंत बोलल्या नाहीत. पुढे अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. जनावरं बोळातून पुढे जाईनात की गडी काठ्या चालवायचे. या बाई स्वतः त्या बोळात शिरल्या आणि जनावराच्या उंचीवरून पाहू लागल्या. कुठे लोंबती साखळी, कुठे कुंपणावर टाकलेला कोट, कुठे जमिनीवर पडलेली सावली. ते काढलं की जनावर निमूट चालायचं. बारीकसारीक आधी दिसतं आणि आवाज टोचतो, हा त्यांचा स्वतःचाच अनुभव होता. तेव्हा पिठाच्या गिरणीत लेकरू कान झाकून किंचाळलं तर थापड उगारण्याआधी त्या गिरणीचा आवाज ऐका. बाहेर न्यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, कुठे, कशाला, किती वेळ. पाहुण्यांच्या पाया पडायला ओढू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात सरासरीने ३५-४० माणसं. तुमच्या ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांच्या यादीत किती आहेत, सरपंचसाहेब? स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी त्याच यादीवर खर्च होतो. दीड-दोन वर्षांचं लेकरू नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर अंगणवाडीताईंनी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावं. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. कानाची तपासणी आधी करून घ्या. बोलणं आणि हातांची कामं शिकवणारे उपचार लवकर सुरू झालेले बरे. दाखला ४० टक्क्यांचा किंवा जास्त असेल तर नोकरीतल्या आरक्षणासह बरीच दारं उघडतात.

एक गोष्ट माझ्या खात्यातली, ती आजच करा. काही स्वमग्न लेकरांना पाण्याची भारी ओढ असते आणि न सांगता घरातून निघून जायची सवयही. आपल्या शिवारात उघड्या विहिरी आहेत, प्लास्टिक अस्तराची शेततळी आहेत. त्या अस्तरावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तळ्याला कुंपण घाला, काठाला पक्की गाठी मारलेली दोरी आत सोडून ठेवा. असं लेकरू दिसेनासं झालं तर गल्लीत शोधत बसू नका, आधी पाण्याकडे धावा. हाकेला ते ओ देईलच असं नाही.