लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली, तर

महिन्याची १८ किंवा १९ तारीख असते. २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी भरायचे असते, काही खरेदीबिले अद्याप चढवायची राहिलेली असतात आणि नेमका त्याच सकाळी पेढीवरचा लॅपटॉप सुरू होऊनही काही दाखवत नाही. पंख्याचा आवाज येतो, बटणातला दिवा लागतो. स्क्रीन मात्र काळीकुट्ट. अशा वेळी व्यापारी घरांत दोन उद्गार हमखास ऐकू येतात. एक, ‘सगळा हिशेब गेला!’ आणि दुसरा, ‘स्क्रीन गेली, नवी टाकून आणा.’ पहिल्याने घरात घबराट पसरते, दुसऱ्याने पुष्कळदा विनाकारण खर्च होतो. हे दोन्ही निष्कर्ष तपासणीच्या आधी काढलेले असतात.

हिशेब स्क्रीनमध्ये साठवलेला नसतो. टॅलीतील खाती, बिले, येणे-देणे, मालाची नोंद हे सारे लॅपटॉपच्या खालच्या भागातील हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असते. स्क्रीन ही केवळ ते दाखविणारी खिडकी आहे. खिडकीची काच तडकली म्हणून तिजोरीतील रोकड कमी होत नाही.

तेरीज जुळली नाही म्हणून कोणी कसलेला मुनीम साऱ्या वह्या नव्याने लिहीत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. ती ९ ने भागली गेली, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी. तिची निम्मी रक्कम एखाद्या खात्यात सापडली, तर जमेची नोंद नावे पडली असावी, असा तर्क तो करतो. फरकच चुकीची जागा सुचवितो. लॅपटॉपच्या स्क्रीनचेही तसेच आहे. दोष कसा दिसतो, केव्हा दिसतो आणि केव्हा दिसत नाही, हे पाहिले की तो कोठे आहे याचा बराचसा उलगडा घरबसल्या, एक पैसाही न खर्चता होतो.

चित्र स्क्रीनपर्यंत कसे येते?

लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरील ग्राफिक्सची चिप चित्र तयार करते. ते चित्र कसे पाठवायचे हे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम ठरवितो. तेथून एक पातळ केबल बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या पॅनेलला मिळते. बहुतेक लॅपटॉपमध्ये पॅनेल एलसीडी प्रकारचे असते. त्यातील द्रवरूप स्फटिकांना स्वतःचा प्रकाश नसतो. ते केवळ मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा जाऊ देतात. तो प्रकाश मागच्या एलईडी दिव्यांचा असतो व त्याला बॅकलाइट म्हणतात. जुन्या लॅपटॉपमध्ये या कामासाठी बारीक ट्यूब आणि तिला वीज पुरविणारा इन्व्हर्टर असे.

म्हणजे चिप, ड्रायव्हर, केबल, पॅनेल आणि बॅकलाइट अशा पाच ठिकाणी बिघाड संभवतो. पाचांपैकी कोठेही खंड पडला तरी ग्राहकाच्या तोंडी वाक्य एकच असते : ‘स्क्रीन गेली.’ यांपैकी ड्रायव्हरचा दोष दूर करण्यास सुट्या भागाचा खर्च नाही, केबल तुलनेने स्वस्त आहे, पॅनेल महाग आहे आणि मुख्य बोर्ड त्याहून महाग पडू शकतो. म्हणूनच दोष कोठे आहे हे आधी ठरविण्यात पैशांचा मोठा फरक आहे.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी : यंत्र जिवंत आहे का? कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर लॅपटॉप चालू आहे. केवळ दिसत नाही. प्रकाश कमी-जास्त करणारे बटणही दाबून पाहावे. मुलांच्या हातून प्रकाश अगदी शून्यावर गेल्याने स्क्रीन काळी वाटल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो व अडकलेले चित्र कधी कधी लगेच परत येते.

दुसरी पायरी : साचलेली वीज काढणे. लॅपटॉप बंद करावा, चार्जर, माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह सारे काढावे, बॅटरी सहज निघणारी असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. नंतर फक्त चार्जर जोडून सुरू करावे. या साध्या उपायाने अनेक लॅपटॉप पूर्ववत होतात.

तिसरी पायरी : टॉर्चची परीक्षा. खोलीत अंधार करावा, लॅपटॉप सुरू करावा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरावा. अंधूक अक्षरे वा चित्रे दिसली, तर पॅनेलला चित्र पोहोचत आहे आणि बिघाड बॅकलाइटचा किंवा त्याला वीज पुरविणाऱ्या भागाचा आहे. ओएलईडी स्क्रीनला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही, कारण तिच्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची : घरातील टीव्ही जोडणे. लॅपटॉपला आणि टीव्हीला एचडीएमआय केबल जोडून टीव्हीच्या रिमोटने योग्य सोर्स निवडावा. चित्र आपोआप आले नाही, तर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर चिप आणि ड्रायव्हर बहुधा ठीक असून दोष केबल, पॅनेल किंवा बॅकलाइट यांत आहे. टीव्हीवरही तेच पट्टे, तीच लुकलुक दिसली, तर पॅनेल बदलून उपयोग नाही. मूळ चिपमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. दोन्हीकडे अंधार असेल आणि कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नसेल, तर रॅम सैल झाली असणे किंवा मुख्य बोर्डात बिघाड असणे संभवते. सुरू होताना ठरावीक बीप ऐकू आल्यास ते मोजून लिहून ठेवावेत. त्या त्या कंपनीने त्यांचे अर्थ ठरविलेले असतात.

पाचवी पायरी : विंडोज सुरू होण्यापूर्वी पाहणे. लॅपटॉप सुरू होताच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीने ठरविलेले बटण दाबत राहिल्यास बायोसचे साधे पान उघडते. येथे विंडोजचा ड्रायव्हर काम करत नसतो. या पानावरही लुकलुक किंवा पट्टे दिसले, तर दोष यंत्राच्या भागात आहे. येथे सारे स्वच्छ आणि विंडोजमध्येच गडबड असेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा.

लक्षणे काय सांगतात?

झाकण पुढे-मागे करताना चित्र येत-जात असेल, तर बिजागरीतील केबलवर पहिला संशय. झाकणाच्या प्रत्येक उघडझापीत ती वाकत असते. झाकण कसेही हलविले तरी एकाच जागी स्थिर राहणारा उभा पट्टा बहुधा पॅनेलचा असतो. शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत असेल, तर पॅनेल आतून फुटले आहे आणि त्याला बदलण्यावाचून इलाज नाही.

विंडोजमध्ये लुकलुक होत असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्याची चौकटही इतर चित्राबरोबर लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर तपासावा. ती स्थिर राहून बाकीचे लुकलुकत असेल, तर एखाद्या प्रोग्रामचा दोष समजावा. अलीकडे विंडोज अपडेट झाल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागील आवृत्तीवर नेता येतो.

एखादाच ठिपका काळा किंवा रंगीत राहिला, तर घाबरू नये. १९२० × १०८० मापाच्या स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांतील एक-दोन बिघडल्यास कामाला बाध येत नाही आणि तेवढ्यावरून पॅनेल बदलून द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत.

तारीख टळू नये म्हणून

मुदतीत विवरणपत्र न भरल्यास दर दिवशी ५० रुपये, शून्य विवरणपत्रास २० रुपये, असे विलंब शुल्क ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत वाढत जाते. थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागते ते वेगळेच. म्हणून टीव्हीवर चित्र येत असेल, तर दुरुस्तीला जाण्यापूर्वी त्यावरच काम उरकावे. आधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडते याची खात्री करावी आणि मग विवरणपत्र भरावे. प्रत न घेता लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे पावती न घेता रक्कम देणे होय.

याहून नाजूक गोष्ट कुलपाची आहे. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मुख्य बोर्ड बदलल्यानंतर ती उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही हिशेब हाती येत नाही. ही की बहुधा लॅपटॉप प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पुष्कळ पेढ्यांवर ते खाते लॅपटॉप बसवून देणाऱ्याच्या किंवा नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ई-मेलवर असते. म्हणजे तिजोरी आपली आणि किल्ली परक्याची. ते खाते मालकाच्या किंवा घरातील जबाबदार व्यक्तीच्या नावावर असावे आणि ती की कागदावर उतरवून महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

‘स्क्रीन गेली’ असे न सांगता तपासणीत जे दिसले ते सांगावे : टीव्हीवर चित्र येते, टॉर्चने अंधूक दिसते, झाकण हलविल्यावर फरक पडतो. ग्राहकाने इतके पाहिले आहे हे कळले की बोलणे मुद्द्यावर येते. वॉरंटी शिल्लक असल्यास प्रथम कंपनीच्या सेवा केंद्रात जावे. बाहेर उघडलेल्या यंत्रावर नंतर वाद उद्भवतो. पडल्याने वा दाबाने फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

नवे पॅनेल घेताना जुन्याच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक जुळवावा. केवळ १५.६ इंच हे माप जुळून भागत नाही. ठिपक्यांची संख्या आणि जोडणीच्या ३० की ४० पिना हेही जुळावे लागते. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, काढलेला भाग परत मागावा आणि नव्या भागाच्या हमीसह पक्के बिल घ्यावे. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असल्यास, लॅपटॉप सुरू होत असेल तोवर ते काढून टाकावेत. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर आणखी एक मार्ग आहे. गादीवरून न हलणाऱ्या लॅपटॉपला साधा मॉनिटर कायमचा जोडावा. स्क्रीन मोठी मिळते, वयस्कर डोळ्यांना आराम पडतो आणि पुढे नवा लॅपटॉप घेतला तरी मॉनिटर वाया जात नाही. मात्र बॅटरी फुगून टचपॅड उचलल्यासारखे दिसत असेल, तर ते यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे; ते घरी उघडण्याचा मोह टाळावा.

रोजची काळजी

झाकण एका कोपऱ्याला धरून न उघडता मध्यभागी धरून उघडावे. बंद करण्यापूर्वी कीबोर्डवर पेन, स्टेपलरची पिन वा कॅल्क्युलेटर राहिला नाही हे पाहावे. पिशवीत लॅपटॉपवर वह्यांचा भार ठेवू नये. पुसण्यासाठी बंद स्क्रीनवर मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओले करून वापरावे. पाणी थेट स्क्रीनवर फवारू नये आणि काच पुसण्याचा अमोनियायुक्त द्रव तर मुळीच वापरू नये.

एवढे केले तरी स्क्रीन कधी ना कधी दगा देईलच, कारण ती वापरण्याची वस्तू आहे. म्हणून एचडीएमआय केबल आजच आणून एकदा टीव्हीला जोडून पाहावी. काही पातळ लॅपटॉपना केवळ यूएसबी-सी असते व त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर जातेच असेही नाही. ही माहिती १९ तारखेच्या रात्री मिळण्यापेक्षा पाच-सहा तारखेच्या निवांत दुपारी मिळालेली बरी.