गोंदियात एफएम येईल. पण माईकजवळ कोण बसेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत गोंदियाही आहे. आपल्या वाट्याला तीन वाहिन्या आल्या आहेत. बातमी आली तेव्हा बहुतेकांनी एकच विचारले, ‘गाणी कोणती लागणार?’ खरा प्रश्न वेगळा आहे. या वाहिन्यांचा मालक कोण असेल, आणि तो गोंदियापासून किती लांब बसलेला असेल?

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, ते अमेरिकेतील एका कंपनीच्या इतिहासावरून समजते.

एका वाहिनीपासून बाराशेपर्यंत

१९७२ मध्ये टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात लॉरी मेज आणि रेड मॅककॉम्ब्स या दोघांनी एक एफएम रेडिओ केंद्र विकत घेतले. मेज बँकिंग क्षेत्रातले, तर मॅककॉम्ब्स मोटारींचे विक्रेते. त्यातून ‘क्लिअर चॅनल’ ही कंपनी उभी राहिली. पुढे तिने दूरचित्रवाणी केंद्रेही घेतली.

त्या काळी अमेरिकेत एका मालकाकडे किती रेडिओ केंद्रे असावीत यावर मर्यादा होती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची ही मर्यादा काढून टाकली. तोपर्यंत ती ४० केंद्रांची होती. त्यानंतर काही वर्षांतच क्लिअर चॅनलकडे सुमारे १,२०० केंद्रे जमा झाली. खर्च वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी निवेदकाचा आवाज दुसऱ्या शहरात ध्वनिमुद्रित होऊ लागला. ऐकणाऱ्याला वाटायचे निवेदक आपल्याच गावात बसला आहे, पण स्टुडिओत संगणकच असायचा.

मायनॉटची रात्र

१८ जानेवारी २००२. नॉर्थ डाकोटा राज्यातील मायनॉट हे सुमारे ३६ हजार वस्तीचे गाव. मध्यरात्रीनंतर गावाजवळ मालगाडी रुळावरून घसरली आणि टाक्या फुटून अमोनिया वायूचा ढग घरांवर पसरला. गावातील सहाही व्यावसायिक रेडिओ केंद्रे क्लिअर चॅनलची होती. लोकांना सावध करण्यासाठी पोलिसांनी केंद्राला फोन केले, पण पलीकडून कोणी उचलला नाही. त्या रात्री एकाचा मृत्यू झाला आणि तीनशेहून अधिक लोकांना इजा झाली.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. आपत्कालीन इशारा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा पोलिसांनी नीट बसवली नव्हती, असे तिचे म्हणणे होते. दोष कोणाच्या पदरात किती घालायचा यावर वाद होऊ शकतो. पण गावात सहा केंद्रे असताना मध्यरात्री फोन उचलायला माणूस सापडला नाही, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

एवढे करून कंपनीचा हिशेबही जुळला नाही. २००८ मध्ये गुंतवणूकदार संस्थांनी मोठे कर्ज काढून ती विकत घेतली, २०१४ मध्ये तिचे नाव ‘आयहार्टमीडिया’ झाले आणि मार्च २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे नियम काय आहेत?

आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला होता. म्हणजे गोंदियाच्या आकाशातल्या लहरी सरकारच्याही नाहीत आणि लिलाव जिंकणाऱ्याच्याही नाहीत. त्या आपल्या आहेत. कंपनीला मिळतो तो फक्त १५ वर्षांचा वापराचा परवाना.

एका शहरातील ४० टक्क्यांहून अधिक वाहिन्या एकाच मालकाकडे जाऊ नयेत आणि शहरात किमान तीन वेगवेगळे मालक असावेत, असा नियम आपल्याकडे आहे. त्यामुळे गोंदियातील तिन्ही वाहिन्या एकाच कंपनीला मिळणार नाहीत. या बाबतीत आपण मायनॉटपेक्षा बरे.

पण देशपातळीवरची गोष्ट वेगळी आहे. एका कंपनीकडे देशातील १५ टक्क्यांहून अधिक वाहिन्या नसाव्यात, ही अट केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढून टाकली. अमेरिकेने १९९६ मध्ये जे केले, त्याच दिशेचे हे पाऊल आहे. शिवाय एका कंपनीच्या वाहिन्यांवर एकच कार्यक्रम जोडून प्रसारित करण्याचीही मुभा आहे. म्हणजे मालक तीन असले, तरी तिघांचेही माईक मुंबई-दिल्लीत असू शकतात.

त्याच निर्णयातील एक तरतूद मात्र आपल्या उपयोगाची आहे. लहान शहरांतील लिलावासाठी कंपनीची निव्वळ मालमत्ता दीड कोटींऐवजी एक कोटी असली तरी चालेल, असे ठरले. गोंदिया, आमगाव, तिरोडा इथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन कंपनी काढली, तर ती या शर्यतीत उतरू शकते.

मोबाइल असताना रेडिओ कशाला?

हा लेख तुम्ही मोबाइलवरच वाचत आहात, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. ऑगस्ट २०२० चा पूर आठवा. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले की ते बालाघाटमार्गे वैनगंगेतून आपल्याकडे येते. अशा वेळी वीज जाते आणि टॉवर बंद पडू शकतो. व्हॉट्सअॅपवर तर तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र एकाच वेळी हजारो घरांत बोलतो. त्याला डेटा लागत नाही.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. परंतु हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना आणि नैसर्गिक आपत्तीबाबत स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती सांगायला परवानगी आहे. कोणता रस्ता पाण्याखाली गेला, रोवणीच्या तोंडावर पाऊस कधी येणार, हे सांगण्यापासून नियम अडवत नाही. अडचण एवढीच, की हे सांगायला इथली माहिती असलेला माणूस लागतो. देवरी आणि देवळी यांतला फरक न कळणारा निवेदक काय सांगणार?

मग मागायचे काय?

लहान शहरात जाहिराती कमी मिळतात आणि चोवीस तास माणसे ठेवणे परवडत नाही, हा कंपन्यांचा मुद्दा खोटा नाही. म्हणून मागण्याही झेपतील अशाच हव्यात.

पहिली, पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक वाहिनीचा एक जबाबदार माणूस रात्रंदिवस फोनवर उपलब्ध असावा आणि त्याचा क्रमांक जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडे असावा.

दुसरी, इशारा थेट प्रसारित करणारी यंत्रणा नियंत्रण कक्षाला जोडावी आणि दर मे महिन्यात तिची रंगीत तालीम व्हावी. यंत्रणा असूनही ती जुळलेली नसली तर काय होते, हे मायनॉटने दाखवले आहे.

तिसरी, रोज किमान एक तास गोंदियातून, गोंदियाच्या माणसांनी बोलावे. धान खरेदी केंद्राच्या सूचना असोत की दिवाळीनंतरच्या मंडईतले नाटक, पोवारी असो की गोंडी, हे सगळे त्या तासात मावते.

चौथी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. शहरातील मनोऱ्याचा आवाज अर्जुनी मोरगाव किंवा देवरीच्या जंगलातल्या गावांपर्यंत पोहोचेलच असे नाही. तिथे सामुदायिक रेडिओ हा मार्ग आहे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही त्याचा परवाना मिळतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला माणदेशी तरंग हे केंद्र दुष्काळी भागात वर्षानुवर्षे चालले आहे. तिथे जमले, तर आपल्या महाविद्यालयांना आणि बचत गटांच्या संस्थांना का जमू नये?

परवाना एकदा दिला की पंधरा वर्षे बोलायला जागा उरत नाही. म्हणून अटींबद्दल खासदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना विचारायची वेळ लिलावाआधीची आहे. गाणी तर कुठलाही संगणक लावेल. पुराच्या रात्री फोन उचलणारा माणूस गोंदियात असला पाहिजे.