वही कोणाच्या हातीं?

अमेरिका आमच्या घाटनांदूरपासून हजारों कोस दूर आहे. तरी तेथील जुन्या मळ्यांचा कारभार आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनीं समजून घेण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकांत त्या देशाच्या दक्षिण भागांत कापसाचे मोठमोठे मळे होते. १८६० सालीं तेथें सुमारें ४० लाख कृष्णवर्णी गुलाम होते. पहांटे घंटा झाली कीं त्यांनीं रानांत जावें; संध्याकाळीं प्रत्येकानें वेचलेला कापूस तोलला जाई आणि वजन कमी भरलें तर पाठीवर चाबूक बसे. आठवड्यास मक्याचें पीठ व थोडें डुकराचें मांस मोजून मिळे. धन्यांसाठीं हिशेबाच्या छापील वह्या असत. त्यांत जनावरें व अवजारें यांच्याप्रमाणेंच माणसांचीही किंमत वर्षारंभीं किती व वर्षाअखेर किती, हें मांडलें जाई!

१८६५ सालीं ही गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. त्या कामीं झटलेल्या अमेरिकन लोकांस जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला. पण पुढें काय झालें? जमीन बहुतेक जुन्या धन्यांकडेच राहिली. सुटलेला मनुष्य तीच जमीन वांट्यानें कसूं लागला. बीं उधार, बैल उधार, पीठमीठ उधार. हिशेब लिहिणार धनी किंवा दुकानदार, आणि वर्षाअखेर बाकी निघे ती कसणाऱ्याच्याच नांवें. बेडी तुटली, पण वही राहिली.

आतां आमच्याकडे पहा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सालगडी पाडव्यास वाड्यावर सालानें राही. उजाडण्यापूर्वीं वैरण, मग औत किंवा मोट, रात्रीं पुन्हां गोठा. त्याची बायको वाड्यांतलें शेणघाण काढी. तिचें नांव वहींत नसे. लग्नकार्यास घेतलेली उचल सालांत फिटत नसे, म्हणून पुढच्या पाडव्यासही तोच वाडा. सुतार-लोहारांनीं वर्षभर औतें नीट ठेवावीं आणि बलुतें मात्र खळ्यावर धन्याच्या मर्जीनें घ्यावें. आमचा सालगडी बाजारांत विकला जात नव्हता, हा भेद मोठा आहे. तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु लिहिणारा हात दोन्हीकडे एकाच बाजूचा होता.

१९४९ सालीं जहागिरी गेल्या, १९५० सालीं कूळकायदा आला, १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें बंद झाली. तरीही बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, तीं मुकादमाची उचल डोक्यावर घेऊनच. नवराबायको मिळून 'एक कोयता'. बाईची मजुरी निराळी लिहिलीच जात नाहीं. एक दिवस चुकला कीं खाडा. खाडा टळावा म्हणून बायांनीं गर्भाशयें काढून घेतलीं, अशी हाकाटी झाली आणि २०१९ सालीं सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. यापरती लाजेची गोष्ट कोणती?

मुकादम म्हणतात, उचल घेऊन मजूर पळून जातात. कांहीं जात असतील. मग लेखी हिशेब मुकादमांसही हवाच.

म्हणून बांधवहो, आमचें सांगणें थोडकें आहे. उचल घेतांना रकमेचा कागद घ्या व त्याची एक प्रत आपल्या घरीं ठेवा. रोज किती टन ऊस तोडला, तें मुलीकडून कां होईना, लिहून ठेवा. बाईचें नांव व तिची मजुरी निराळी लिहवून घ्या. कायदे पुष्कळ झाले. पण जोंवर वही एकट्या धन्याच्या हातीं आहे, तोंवर बाकी तुमच्याच नांवें निघणार.