वाट लहानांची

पाचवीच्या मुलांना आम्ही चित्र काढायला सांगितले: घरापासून शाळेपर्यंतची वाट. कोणी मशिदीचा मिनार काढला, कोणी किराणा दुकान. एका मुलीने मात्र चाकेच चाके काढली. ट्रकची, रिक्षाची, फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकलींची. रोज ती धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून मग शाळेत येते. "भाऊ कुठे आहे यात?" आम्ही विचारले. म्हणाली, "टीचर, तो चाकांच्या मागे आहे. दिसत नाही."

पुढच्याच महिन्यात त्या भावाला मोटारसायकलचा धक्का लागला. खरचटण्यावर निभावले, अल्लाहचे शुक्र. पण मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. आम्ही घरी गेलो. अम्मी सुपात पाने घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, अब्बू यंत्रमागावर गेले होते. अम्मी म्हणाल्या, "शिकवायचे आहे हो, पण तो रस्ता नको."

मुली शाळा सोडतात तेव्हा आपण पालकांना बोल लावतो. कित्येकदा आस्था असते, सुरक्षित रस्ता नसतो.

नेदरलँड्समधील व्हॅन लीर फाउंडेशनचा 'अर्बन 95' नावाचा उपक्रम आहे. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंटीमीटर असते. तेवढ्या उंचीवरून शहर कसे दिसते, हे पाहून रस्ते आणि बागा आखाव्यात, असे तो सांगतो. आपल्या पुण्याची महापालिकाही त्यात सहभागी झाली. मागणी साधी आहे: वाहनांचा वेग कमी, घराजवळ खेळायला जागा, आईला टेकायला सावली. मुलांना सोयीचा रस्ता म्हाताऱ्यांना आणि गरोदर बाईलाही सोयीचा होतो.

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूरचे नाव आले, तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. आज कुठलाही रस्ता पाहताना आम्ही एवढेच पाहतो, की अंगणवाडीतले मूल तो ओलांडू शकेल का?

सगळे महापालिकेवर सोडून चालणार नाही. त्या गल्लीतल्या पालकांनी ठरवले: शाळा भरताना अर्धा तास फुटपाथवर गाडी लावायची नाही, आणि रोज दोघांनी पाळीने मुलांना रस्ता पार करून द्यायचा. शिवाय पट्टे आणि गतिरोधक हवेत, असा सह्यांचा अर्ज विभागीय कार्यालयात दिला. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हाही सदकाच, हे आपण लहानपणी शिकलो. फुटपाथवरची आपली मोटारसायकल त्याहून वेगळी नाही.

मुलगी पुन्हा शाळेत येते. पट्टे अजून आलेले नाहीत. अर्जाची आठवण द्यायला आम्ही पुन्हा जाणार आहोत. तोवर आपणही एकदा आपल्या लहानग्याचे बोट धरून त्याच्या शाळेच्या वाटेने चालून पाहा. मधे एकदा त्याच्याएवढे खाली वाका आणि समोर काय दिसते ते पाहा.