शीड वेळीच आखडावे



जगभरच्या दर्यावर्दींना लिन आणि लॅरी पारडी ही नावे परिचित आहेत. लॅरी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, लिन अमेरिकेतली. १९६५ साली कॅलिफोर्नियात त्यांची गाठ पडली. ‘सेराफिन’ नावाची अवघी २४ फूट ४ इंच लांबीची लाकडी नौका त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली. ती १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी दोघे निघाले. मेक्सिकोचा किनारा, कॅलिफोर्नियाचे आखात, कोस्टारिका, पनामा अशा उष्ण किनाऱ्यांच्या आश्रयाने त्यांची पहिली वर्षे सरली आणि अकरा वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. नौकेला इंजिन नव्हते. वारा पडला की लांब वल्हे हाती घ्यावयाचे, रात्री रॉकेलचे दिवे लावावयाचे. पुढे त्यांनी ‘तालेसिन’ ही थोडी मोठी नौका बांधली. २००२ साली, लॅरीने साठी ओलांडल्यावर, याच नौकेतून दोघांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नेहमीच्या वाऱ्यांच्या विरुद्ध दिशेने, पार केले.

उत्तरायुष्यात याच लॅरीला पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश या दोन व्याधींनी गाठले. जुलै २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. ज्या दोघांनी आयुष्यभर एकमेकांच्या भरवशावर समुद्र ओलांडले, त्यांच्यापैकी एकाला अखेरीस दुसऱ्याची शुश्रूषा करावी लागली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हेच चालू आहे. मुले दूरगावी, घरात दोघेच, आणि त्यांतला एक दुसऱ्याचा आधार. म्हणूनच दोन माणसांच्या नौकेवर पाळले जाणारे काही नियम आज आपल्या घराच्या संदर्भात पाहावेत, असे वाटते.

पहिला नियम हाताचा. एक हात नौकेच्या कामासाठी आणि एक हात स्वतःसाठी, ही खलाशांची जुनी शिकवण आहे. डोलणाऱ्या नौकेत दोन्ही हात कामात गुंतवून कोणी चालत नाही. म्हणूनच नौकेच्या लहानशा खोलीत पावलापावलावर धरावयास दांडे असतात. आपले घर डोलत नाही, परंतु सत्तरीनंतर शरीराचा तोल डोलू लागतो. न्हाणीघरात, शौचकूपाशेजारी आणि पलंगाजवळ भिंतीत पक्के बसविलेले दांडे असावेत. टॉवेल वाळत घालण्याची नळी हा आधार नव्हे. माणसाचा भार पडताच ती निखळते. झोपेतून उठताना लगेच उभे राहू नये, एखादे मिनिट पलंगाच्या कडेला बसावे. पार्किन्सनच्या रुग्णाचा तोल बहुधा वळताना जातो. त्याने जागच्या जागी गर्रकन न वळता चार-सहा पावलांचा लहानसा वळसा घ्यावा. रुग्णाला चालविताना काळजीवाहकानेही स्वतःचा एक हात मोकळा ठेवावा. दोघे एकदम पडले तर उठविणारा कोण?

दुसरा नियम पाण्याचा. लांबच्या प्रवासात नौकेवर पाणी मोजून भरतात आणि मोजून वापरतात. किती उरले, हे दोघांनाही रोज ठाऊक असते. वृद्धांनी पाणी मोजावे ते मात्र कमी पडू नये म्हणून. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाण्याची गरज असते, पण घसा ते सांगत नाही. दमट किनारी हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही आणि पाणी मात्र निघून जाते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या मे महिन्यात हे धोक्याचे ठरते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर अधिकच. लघवीचा रंग गडद होणे, उभे राहताच चक्कर येणे, एकाएकी असंबद्ध बोलणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे असू शकतात. सकाळीच दिवसभराचे पाणी एका ठरावीक भांड्यात भरून ठेवावे आणि संध्याकाळी ते किती उरले हे पाहावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

तिसरा नियम पाळीचा. दोघेच असतील तर रात्री एक जागतो आणि दुसरा झोपतो. ठरलेले तास भरले की पाळी बदलते. झोपणाऱ्याची झोप ही चैन मानली जात नाही. थकलेल्या डोळ्यांना समोरचा दिवा दिसत नाही, म्हणून ती नौकेच्या सुरक्षेचाच भाग असते. घरी मात्र आपण हे विसरतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री तीनदा उठतो आणि तीनही वेळा तीच व्यक्ती उठते, महिनोन्‌महिने. आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी जागावे आणि मुख्य काळजीवाहकाने वेगळ्या खोलीत सलग झोपावे. रुग्णाची अस्वस्थता दिवेलागणीला वाढत असेल तर अंधार पडण्यापूर्वीच घरातले दिवे लावावेत, दूरदर्शनसंच बंद ठेवावा आणि दुपारची झोप आटोपशीर करावी. पार्किन्सनच्या औषधांच्या वेळाही पाळीइतक्याच काटेकोर असाव्यात. गोळी उशिरा गेली की हालचाली अडखळू लागतात, हे अनेकांनी अनुभवले असेल.

चौथा नियम कामे वाटण्याचा, आणि वाटलेली कामे एकमेकांना शिकविण्याचा. दोघांच्या नौकेवर सुकाणू एकालाच येते, असे चालत नाही, कारण दुसरा झोपलेला असतो किंवा आजारी पडू शकतो. आपल्या घरांत मात्र चाळीस वर्षांची विभागणी दगडासारखी पक्की झालेली असते. ठेवींच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे, वीजबिल हे सारे त्यांना ठाऊक. गोळ्यांचा डबा, गॅसची नोंदणी, डाळ किती शिजवावी हे सारे हिला. एक आजारी पडला की दुसऱ्याचे अर्धे घर अनोळखी होते. प्रकृती ठीक असतानाच महिन्यातून एक आठवडा कामांची अदलाबदल करून पाहावी. औषधांची नावे, मात्रा, डॉक्टरांचे क्रमांक आणि बँकेची माहिती एका वहीत लिहून ठेवावी. नौकेवर रोजनिशी असते ती याच कारणासाठी: पाळीवर येणाऱ्याला आधीची पाळी कशी गेली, हे न विचारता कळावे.

येथे रुग्णाविषयीही एक सांगितले पाहिजे. स्मृतिभ्रंशात नावे, तारखा आणि कालचे प्रसंग आधी पुसले जातात. हातांना वर्षानुवर्षे जडलेली सवय पुष्कळदा अधिक काळ टिकते. दोराची गाठ मारणारे, हार गुंफणारे किंवा तांदूळ निवडणारे हात नाव विसरल्यावरही चालत राहू शकतात. म्हणून रुग्णाला नुसते बसवून ठेवू नये. मटार सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, फुले वेचणे असे काहीतरी त्याच्या वाट्याला द्यावे. घडी वाकडी पडली तर पडू द्यावी. घरात आपलेही काम आहे, ही जाणीव त्याला मिळते आणि काळजीवाहकाला अर्धा तास.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. वारा वाढू लागला की शीड आखडून लहान करावयाचे असते. अनुभवी दर्यावर्दी सांगतात की, शीड आखडावे की काय असा विचार ज्या क्षणी पहिल्यांदा मनात येतो, तीच ते आखडण्याची वेळ होय. कारण वारा शांत असताना हे काम सोपे असते आणि वादळ अंगावर आल्यावर तेच जिवावर बेतते. शीड आखडणाऱ्या दर्यावर्दीला कोणी भित्रा म्हणत नाही.

काळजीवाहक मात्र मदत मागताना स्वतःलाच अपराधी ठरवितो. ‘माझ्या माणसाचे मीच करणार’ हा शब्द मनापासूनचा असतो, परंतु त्याच्या भरवशावर पूर्ण शिडाने वादळात शिरणे शहाणपणाचे नाही. वाढत्या वाऱ्याची चिन्हे ओळखावीत. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी विसरणे, क्षुल्लक कारणावरून रुग्णावर ओरडणे आणि नंतर एकट्याने रडणे, कंबरदुखी अंगवळणी पडणे, आठवडाभर घराबाहेर पाऊल न पडणे, जेवणाची चव जाणे. यांतली दोन चिन्हे जरी दिसली तरी शीड आखडण्याची वेळ आली, असे समजावे.

शीड आखडावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? मुलाला किंवा भावंडाला ‘जमेल तेव्हा ये’ असे न सांगता ठरावीक वार आणि ठरावीक तास मागावेत. शक्य असेल तर दिवसा काही तासांसाठी मदतनीस ठेवावा. गावात वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र असेल तर ते एकदा पाहून यावे. समदुःखी माणसांचा सहवासही मोठा असतो. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि शुभंकर या दोघांसाठीही काम करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मार्गदर्शनासाठी तेथे विनामूल्य दूरध्वनी करता येतो. आणि पुढे कधी रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याचा प्रश्न आलाच, तर तो निर्णय दोघांपैकी एक कोसळल्यावर घाईने घेण्याऐवजी आधीच, आणि रुग्णाला समजत असताना त्याच्याशी बोलून घ्यावा. त्याची इच्छा त्या वहीत लिहून ठेवावी.

जे आज कोणाची काळजी घेत आहेत त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी एवढे करावे: येत्या आठवड्यातले कोणते दोन तास आपले स्वतःचे असतील ते ठरवावे आणि त्या वेळी रुग्णापाशी कोण बसेल त्याला आजच दूरध्वनी करावा. आणि ज्यांची काळजी घेतली जात आहे, त्यांना नम्र विनंती आहे: तो मदतीचा माणूस दारात येईल तेव्हा त्याला परका मानू नका. आपल्या सोबत्याला विसावा मिळावा म्हणूनच तो आला आहे.