वही आपली, कपाट भाड्याचे

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्या काकांनी परवा मला विचारले, "कॉमर्सला आहेस ना? मग सांग, माझ्या वह्या आता ढगात ठेवायच्या का?"

ढगबिग काही नाही. संगणक दुसऱ्याचे, आपण इंटरनेटवरून वापरायचे आणि वापरू तेवढे भाडे भरायचे, म्हणजे पब्लिक क्लाउड. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. स्वतःचा सर्व्हर घेतला तर भांडवल अडकते, वर दरसाल घसारा. क्लाउडचे बिल हा महसुली खर्च. मंदीत वापर कमी, तर बिलही कमी. लहान धंद्याला हे परवडते, यात वाद नाही.

पण कपाटाची किल्ली कोणाकडे? जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांमुळे नायरा एनर्जीची सेवा थांबवली. पैसे भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. आमचे यंत्रमागवाले कोणत्या न्यायालयात धावणार?

२०२२ च्या नियमाप्रमाणे कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. काकांची पेढी भागीदारीची. तिला हा नियम लागू नाही. तरी मी म्हटले, "काका, क्लाउड जरूर घ्या, पण रोज रात्री एक प्रत उतरवून घरी न्या."

"म्हणजे भाडेही द्यायचे आणि राखणही आपणच करायची?"

मी म्हटले, "हो."